सिन्नोवेचा पहाटेचा पारा

काच, चिमूटभर पारा आणि दुसऱ्याच्या जिभेखालची ऊब, एवढ्यावर माझा जन्म गेला. मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. पण ताप आल्यावर काखेत धरतात तसला मी नाही. माझ्या अंगावर आकडे मोजकेच आहेत आणि दोन आकड्यांमधल्या रेघा चांगल्या सुट्या सुट्या आहेत. माणसाच्या अंगातली ऊब मुंगीच्या पावलाएवढी सरकली तरी माझ्यात दिसते. मला रोज पहाटे, डोळे पुरते उघडायच्या आत, जिभेखाली धरायचं असतं. म्हणून मी आयुष्यात पहाटच जास्त पाहिली. माणसं अर्धी जागी आणि अर्धी स्वप्नात असतात, ती वेळ.

माझा जन्म जर्मनीतल्या एका डोंगराळ गावातला. तिथे घरोघरी काच फुंकायचे. मला जिने फुंकलं ती बाई कामाला बसली की सारखी गुणगुणत असे, फक्त नळी ओठांना लावताना गप्प व्हायची. मग माझ्या पोटात पारा आला. पारा म्हणजे शांत बसणाऱ्यांपैकी नाही. तो कधी एका जागी बसेल असं मला वाटलंच नव्हतं. पण मला कोमट पाण्यात बुडवून रेघा तपासल्या आणि एक म्हातारा कारागीर म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." माझी ती पहिली शाबासकी. नंतर मला कापसात गुंडाळून, लाकडी नळीत घालून बोटीने उत्तरेला धाडलं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर, एका छोट्या बंदरातल्या औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांमागे मी बराच काळ निजून होतो.

तिथून मला सिन्नोवेने उचललं.

सिन्नोवे त्या बंदरासमोरच्या बेटावर गळ भरायचं काम करी. लांबच लांब दोरीला टांगलेल्या शेकडो गळांना हेरिंग माशाचे तुकडे अडकवायचे आणि दोरी न गुंतवता टोपलीत वेटोळी घालत जायची. तिच्या बोटांना कायम हेरिंगचा वास यायचा, साबणानेही न जाणारा. तिचा नवरा आयलिफ त्याच्या मामाच्या बोटीवर कॉड मासे पकडायला जायचा. खालच्या मजल्यावर आयलिफची आई पेत्रा राहायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं.

सिन्नोवेची पाळी वर्षातून दोन-तीनदाच येई, तीही मनाला येईल तेव्हा. बंदरातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, बाईच्या बीजकोशातून बीज सुटलं की अंगाची ऊब दोन-तीन रेघा चढते आणि काही दिवस तिथेच राहते. म्हणून रोज पहाटे मोजायचं. रात्री झोपण्यापूर्वी मला झटकून पारा खाली उतरवण्याचं काम आयलिफचं. मनगटाला असा हिसका द्यायचा की मला समुद्रात फेकलेल्या गळासारखं वाटे. मग तो मला तिच्या उशाशी ठेवायचा आणि म्हणायचा, "उद्या बघू."

पहाटे ती हात लांब करून मला घ्यायची. पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, बोलायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही. तिच्या जिभेखाली पडल्या पडल्या मला तिची उरलेली स्वप्नं लागायची. कधी ती बर्फावरून अनवाणी चालत असे. कधी एक मोठं घर असायचं, त्यात सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले असायचे आणि माणूस एकही नसायचा. मी रोजच्या रेघेपर्यंतच चढायचो. ती उठून खिडकीपाशी मला बघायची, चौकटीच्या कागदावर एक ठिपका द्यायची. ठिपक्यांची ओळ वारा पडलेल्या समुद्रासारखी सपाट होती.

पेत्राला हे सगळं मुळीच पटत नसे. "थर्मामीटर तोंडात धरून पोरं झाली असती," ती कॉफी ओतता ओतता म्हणायची, "तर हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सा एव्हाना बाळंत झाल्या असत्या."

"आई, पुरे," आयलिफ म्हणायचा.

"मी काय वाईट बोलले? माझ्या वेळी असलं काही नव्हतं. आणि तू झालासच ना?"

 सिन्नोवे हात धुवायला जायची आणि नळ जरा जास्तच वेळ चालू ठेवायची.

आधी गोळ्या झाल्या. त्या घेतल्या की तिच्या अंगातून गरम वाफा निघत, पण माझ्या पाऱ्यावर त्यांचा काही परिणाम होत नसे. वर्षभर गोळ्या घेऊनही ओळ सपाटच राहिली. तेव्हा बंदरातल्या डॉक्टरांनी तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे डॉक्टर वेस्तली नावाच्या उंच, केस आखूड कापलेल्या बाई होत्या. मी सिन्नोवेच्या लोकरी जाकिटाच्या खिशात होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"बीजं भरपूर आहेत तुमच्याकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नको इतकी. पण सगळी अर्धवट वाढून थांबतात. एकही पिकून बाहेर सुटत नाही. त्यामुळे बीजकोश मोठे झालेत आणि त्यांची साल जाड झालीय."

"म्हणजे सगळं रान बेरींनी भरलंय आणि पिकत एकही नाही," सिन्नोवे म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. "अगदी तसंच. पूर्वी आम्ही पोट उघडायचो आणि बीजकोशाची एक फोड कापून काढायचो, चीजची काढतात तशी. पाळी सुरू व्हायची, मुलंही व्हायची. पण आतली जखम भरताना सगळं एकमेकांना चिकटून बसायचं आणि मग त्यानेच वाट अडायची. आता तसं करत नाही. बेंबीपाशी बारीकसा छेद घ्यायचा, दुर्बीण आत घालायची आणि विजेच्या सुईने बीजकोशाला काही ठिकाणी डाग द्यायचे."

"डाग दिल्याने बीज कसं काय सुटतं?"

"खरं सांगू? पुरतं अजून कुणालाच ठाऊक नाही. पण सुटतं. बऱ्याच जणींचं सुटतं, सगळ्यांचं नाही."

इतका वेळ टोपी हातात चुरगळत बसलेला आयलिफ एकदम म्हणाला, "आणि तिलाच काही झालं तर?"

"भूल द्यावी लागते. आत रक्त येऊ शकतं. धोका लहान आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही."

"आणि बीज सुटलंच, तर ते किती दिवस चालेल?" सिन्नोवेने विचारलं.

"कुणाचं काही महिने, कुणाचं वर्षभर, कुणाचं कायमचं. सुटायला लागलं की वाया घालवू नका, एवढंच सांगते."

परतीच्या बोटीवर दोघं डेकवर उभी होती. वारा इतका की मला खिशाच्या तळाशीही गार लागत होतं. आयलिफ म्हणाला, "माझ्यासाठी नको करूस हे. आईसाठी तर मुळीच नको."

"तुझ्यासाठी कोण करतंय?" सिन्नोवे म्हणाली. "मला हवंय मूल. मला."

 त्याने आपला मफलर काढून तिच्या गळ्याभोवती बांधला, तोही मासे बांधायच्या गाठीने. ती गाठ सोडवताना तिला घरी गेल्यावर सुरी घ्यावी लागली.

शस्त्रक्रिया हिवाळ्याच्या तोंडावर ठरली, सूर्य दुपारीही डोंगरामागून जेमतेम डोकावतो त्या दिवसांत. हॉस्पिटलातल्या खोलीत दोन खाटा होत्या. दुसऱ्या खाटेवर योरिद होती. ती आतल्या दरीतल्या एका गावात शिक्षिका होती, नवरा मेंढ्या पाळायचा. तिचंही दुखणं तेच, ऑपरेशन तेच, दिवसही तोच. आणि मित्रांनो, तिच्याही उशाशी माझाच एक भाऊ होता.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे दोघींना एकाच वेळी जाग आली. दोघींनी हात लांब केले, दोघींनी आम्हाला तोंडात धरलं, आणि मग एकमेकींकडे बघितलं. बोलायचं तर नव्हतं. योरिदने भुवया उंचावल्या. सिन्नोवेच्या गालात हसू फुटायला लागलं आणि मी तिच्या दातांवर टकटक वाजू लागलो. तेवढ्यात नर्स ताप बघायला आली. दोघींच्याही तोंडात आधीच काचेच्या कांड्या बघून ती दारातच थांबली. "मी नंतर येते," ती म्हणाली, "तुमचं चालू दे."

मग एकेक करून त्यांना नेलं. मी खणात माझ्या भावाशेजारी पडून होतो. आम्ही काही बोललो नाही. आमच्या जातीला बोलायला माणसाची ऊब लागते.

सिन्नोवे परत आली तेव्हा तिचे ओठ कोरडे होते आणि आवाज लांबून यावा तसा येत होता. "समुद्राच्या तळाशी होते मी," ती योरिदला सांगत होती. "कुणीतरी कंदील घेऊन फिरत होतं, शेवाळाच्या रानातून. मोठाले कॉड बाजूला सरकून वाट देत होते. आणि मला भीती नाही वाटली, योरिद. मला वाटत होतं, अजून जरा पुढे जा, अजून पुढे. तिथे काहीतरी आहे."

"माझ्याकडे कुणी कंदील घेऊन आलं नाही," योरिद म्हणाली. "मी नुसतीच घोरले असेन. आणि हे काय गं, ऑपरेशन पोटाचं आणि खांदा ठणकतोय? चुकीच्या बाईला तर नाही ना कापलं?"

"पोटात वायू भरतात, तो खांद्यात दुखतो, म्हणाली ना नर्स."

मग सिन्नोवेलाच हसू आवरेना. "हसवू नकोस. टाका ओढतो."

संध्याकाळी डॉक्टर वेस्तली आल्या. "दोघींचेही बीजकोश पांढरे, गुळगुळीत, मोत्यासारखे होते," त्यांनी सांगितलं. "डाग नीट दिलेत. आता वाट बघायची." त्या गेल्यावर योरिद म्हणाली, "जिचा पारा आधी चढेल तिने दुसरीला फोन करायचा. कबूल?" सिन्नोवेने खाटेवरून हात लांब केला. मधल्या जागेत त्या दोघींची फक्त बोटांची टोकंच एकमेकींना लागली.

नव्या वर्षात आयलिफ मामाच्या बोटीवरून लोफोटेन बेटांवर गेला. तिकडे कॉडचे थवे येतात आणि आमच्या किनाऱ्यावरचे सगळे कोळी तीन महिने तिथेच असतात. जाण्यापूर्वी त्याने मला झटकून दाखवलं. "असं, मनगटातून," तो म्हणाला. "जोर लावायचा नाही, सोडून द्यायचं."

एका पहाटे, सूर्य परत यायला लागला होता त्या दिवसांत, मी तिच्या जिभेखाली पडलो आणि माझ्या पाऱ्याला आतून कुणीतरी वर बोलावल्यासारखं झालं. रोजची रेघ आली. तो थांबला नाही. पुढची आली. त्याच्याही पुढे तो जरासा गेला आणि मग स्वस्थ बसला. सिन्नोवेने मला खिडकीपाशी नेलं. डोळे चोळले, पुन्हा बघितलं. मग ती अनवाणीच जिना उतरून खाली गेली.

"आई, हे वाचा जरा."

पेत्राने चष्मा शोधला, मला दिव्याजवळ धरलं, लांब धरलं. "काय गं हे, मला तर नुसती माशाच्या डोळ्यासारखी चकाकी दिसतेय. हां, दिसली रेघ. का? ताप आलाय की काय तुला?"

"नाही आई. ताप नाही."

पेत्राने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "पायात काही घाल," शेवटी ती म्हणाली. "फरशी गार आहे."

योरिदला फोन झाला. "चढलाय!" "किती?" "दोन रेघा, थोडा जास्तच!" पलीकडून योरिद इतक्या मोठ्याने ओरडली की कोपऱ्यातली मांजर उठून गेली. तिचा स्वतःचा पारा अजून जागचा हलला नव्हता.

मी काही दिवस वर राहिलो आणि मग उतरलो. उतरणारच होतो. आयलिफ तिकडे समुद्रावर होता. सिन्नोवेला पाळी आली, कुठल्याही गोळीशिवाय, आपणहून. ती पलंगावर बसून रडलीही आणि हसलीही. मला हातात धरून म्हणाली, "तू काय करणार? तू दिसेल तेच सांगणार." बीज सुटत होतं. पण किती महिने सुटेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कॉडचा हंगाम अजून बराच बाकी होता.

त्या संध्याकाळी ती पेत्राला म्हणाली, "आई, मी लोफोटेनला जाते. हरमोदमामांना गळ भरायला माणूस लागतोच."

पेत्रा सोलत असलेला बटाटा तसाच धरून बसली. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. पण ती उठली, कोठीतून सुकट, लोणी आणि घडी घातलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या काढल्या आणि पिशवी भरायला लागली. सकाळी ढकलगाडीसारख्या, बर्फावरून घसरणाऱ्या खुर्चीवर सिन्नोवेला बसवून तिने स्वतः ढकलत धक्क्यापर्यंत नेलं, या वयात. बोट भोंगा वाजवत असताना म्हणाली, "आयलिफला सांग, आई म्हणाली, मासे पुढच्या वर्षीही येतात."

लोफोटेनला पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या एका लाल खोपीत ते चौघं राहत होते. हरमोदमामा, आयलिफ आणि बोटीवरचे आणखी दोघं. भिंतीला फळ्यांचे पलंग, मधे शेगडी, सगळीकडे ओले मोजे वाळत घातलेले. सिन्नोवे दिवसभर शेडमध्ये गळ भरायची. माणसं अंधारात जायची, अंधारात यायची. आयलिफ जेवता जेवता काटा हातात धरूनच झोपून जायचा. बीज सुटायचे दिवस जवळ येत होते. सिन्नोवे त्याच्याकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची.

मग नैर्ऋत्येचं वादळ आलं. बोटी धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या. पाणी खोपीच्या खालून असं आपटायचं की ताटं फळीवर नाचायची. सगळे कोळी वाऱ्याला शिव्या देत होते. थवे खाडीच्या तोंडाशी आलेले आणि माणसं घरात बसलेली! अशात सकाळी सिन्नोवे लापशी ढवळत होती आणि नकळत गात होती.

"सगळं लोफोटेन रडतंय," हरमोदमामा म्हणाले, "आणि ही बाई गातेय."

आयलिफचे कान लाल झाले. मामांनी त्याच्याकडे बघितलं, सिन्नोवेकडे बघितलं, मग तिच्या उशाशी ठेवलेल्या माझ्या लाकडी नळीकडे बघितलं. "पेत्राने काही निरोप दिला होता का गं?"

"दिला होता," सिन्नोवे म्हणाली. "मासे पुढच्या वर्षीही येतात."

मामा उठले. अंगात जाकीट चढवलं. "चला रे, शेजारच्या खोपीत पत्ते मांडू."

"मामा, अहो, माझी कॉफी आत्ताच ओतलीय," दोघांतला धाकटा म्हणाला.

"कॉफी पुढच्या वर्षीही मिळते. ऊठ."

वादळ काही दिवस मुक्कामाला राहिलं आणि हरमोदमामा त्या दिवसांत पत्त्यांत सारखे हरले. रात्री ते दार वाजवून, घसा खाकरून, पुन्हा दार वाजवून आत यायचे. मग एका सकाळी वारा पडला, बोटी सुटल्या, आणि पुढच्या पहाटे मी चढलो.

मित्रांनो, माझ्यासारख्याने कुणाची बाजू घ्यायची नसते. तरी त्या पहाटे मला कठीण गेल्या. जिभेखाली पडलो की पहिला विचार उतरण्याचा यायचा. बीज रुजलं नाही तर मला उतरावंच लागणार होतं. सिन्नोवेलाही ते ठाऊक होतं. ती मला तोंडातून काढल्यावर आधी डोळे मिटून बसायची, आणि मग एक डोळा उघडायची. तिची स्वप्नंही बदलली होती. त्या मोठ्या घरात आता कुठूनतरी पाण्याचा आवाज यायचा. पारा उतरण्याची वेळ आली. ती टळली. आणखी दिवस गेले. मी वरच होतो.

तोवर तिने आयलिफला काहीच सांगितलं नव्हतं. एका पहाटे बोट सुटायच्या आत तिने मला नुसतं त्याच्या हातात दिलं. त्याने कंदिलापाशी मला वाचलं. मग सवयीने मला झटकायला हात वर केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला.

"झटकू?" त्याने विचारलं. "का नको?"

"नको," सिन्नोवे म्हणाली.

त्याने मला दोन्ही हातांत धरून नळीत ठेवलं. त्या दिवशी त्यांच्या बोटीला फारसे मासे मिळाले नाहीत म्हणे. हरमोदमामा म्हणाले, "एक माणूस गळांची दोरी ओढायचं सोडून आकाशाकडे बघत उभा असेल तर काय होणार!"

बेटावर परत आल्यावर डॉक्टरांनी खात्री करून दिली. पेत्राने ऐकलं, मान डोलावली आणि परसात जाऊन लाकडं फोडत बसली. बराच वेळ फोडत होती. आत आली तेव्हा तिचे डोळे थंडीने असावेत तसे लाल होते. पण योरिदला फोन काही होत नव्हता. सिन्नोवे फोनपाशी जायची, रिसीव्हर उचलायची, ठेवायची. कबूल केलं होतं ते पारा चढल्यावर सांगायचं. पुढचं कसं सांगायचं ते ठरलंच नव्हतं. शेवटी एका रविवारी फोन वाजला.

"तू फोन करत नाहीयेस," योरिद म्हणाली. "म्हणजे झालंय."

सिन्नोवेने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"झालंय ना?"

"हो."

 पलीकडून योरिदचा आवाज आला, "आज मला रडू दे, सिन्नोवे. उद्या आनंद करेन." आणि फोन बंद झाला. सिन्नोवे रात्रभर कूस बदलत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, मागे मुलांचा कालवा चालू असताना योरिदचा पुन्हा फोन आला. "हा आनंदाचा फोन आहे," ती म्हणाली. "आता सगळं सांग. वादळापासून सांग."

हेर्दिस हिवाळ्यात जन्मली, दिवस सर्वांत लहान असतात त्या सुमाराला. तिला घेऊन आले तेव्हा मी खणात होतो. नंतरही खणातच होतो. आता सिन्नोवेला पहाटे जागं करायला वेगळंच माणूस होतं. सुया, बटणं, जुन्या किल्ल्या यांच्यात मी पडून राहिलो. माझ्या नळीवर धूळ बसली. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. ज्याला रोज पहिल्या जाग्या क्षणी हात शोधत यायचा, त्याला कुणीच शोधत नाही, हे समजायला वेळ लागला. भिंतीपलीकडून हेर्दिसचं रडणं यायचं, पुढे हसणं यायचं, आणि मी खणात झोपेसारखं काहीतरी करायला शिकलो.

हेर्दिस बोलायला, पळायला लागली त्या एका उन्हाळ्यात योरिद राहायला आली. तिच्या बीजकोशांनी डागांनाही दाद दिली नव्हती. डॉक्टर वेस्तलींनी नंतर आणखी काही उपाय केले होते, तेही फळले नव्हते. रात्री दोघी माझ्या खणाच्या टेबलापाशीच कॉफी पीत बसल्या. बाहेर रात्र झालीच नव्हती, उन्हाळ्यात ती आमच्याकडे होत नाही.

"मी मोजणं थांबवलं," योरिद म्हणाली.

"केव्हा?"

"ईस्टरला. पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळी जाग आली, हात आपोआप उशाशी गेला. असे बरेच दिवस गेले. मग एकदा डोळे उघडले तर ऊन पार भिंतीवर चढलेलं आणि नवरा कॉफी घेऊन उभा. म्हणाला, मला वाटलं, मेलीस की काय!"

सिन्नोवेला हसावं की काय करावं ते कळेना. "तुला वाईट नाही ना वाटत? इथे येऊन?"

"वाटतं की. आल्या आल्या तुझी पोरगी गळ्यात पडली तेव्हा वाटलं. उद्याही वाटेल. पण मला आता झोप येते, सिन्नोवे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सकाळची झोप झोपते. तुला कल्पना नाही किती गोड असते ती."

"आहे," सिन्नोवे म्हणाली. "मलाही ती अजून मिळालेली नाही. आधी थर्मामीटर, मग ही पोर."

दोघी इतक्या हसल्या की खणातल्या किल्ल्या हलल्या.

दुसऱ्या दिवशी हेर्दिस लवकर उठली आणि योरिदमावशीला उठवायला निघाली. जिन्यातच पेत्राने तिला अडवलं. पेत्राने आपले लाकडी बूट काढून हातात घेतले होते आणि ती लोकरी मोज्यांवर चालत होती, पावलाचा आवाज होऊ नये म्हणून.

"मावशी झोपलीय," ती कुजबुजली.

"मग कधी उठणार?"

"तिला वाटेल तेव्हा."

आयलिफ बाहेर बोट दुरुस्त करत होता, त्याने हातोडा खाली ठेवला. सिन्नोवेने किटली शिट्टी घालण्याआधीच चुलीवरून उतरवली. कोंबड्या ओरडत होत्या, तर पेत्रा मोज्यांवरच परसात जाऊन त्यांना दाणे टाकून आली. ऊन पडद्यावरून सरकत सरकत भिंतीवर गेलं. घरातली सगळी माणसं बोटांच्या टोकांवर चालत होती, आणि माझ्या शेजारच्या खोलीत एक बाई शांत झोपली होती.

मित्रांनो, आता मी फार जुना झालो आहे. पारा विषारी असतो, म्हणून माझ्यासारख्यांना घरात ठेवू नये असं आता सगळीकडे सांगतात, आणि ते बरोबर आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल तर त्याला खेळायला घेऊ नका. तो फुटलाच तर ते चांदीचे सुंदर थेंब हाताने उचलू नका, केराच्या टोपलीतही टाकू नका, मोठ्या माणसाला सांगा. जिथे असल्या वस्तू गोळा करतात तिथे आम्हाला नेऊन द्या. मीही लवकरच जाईन. सिन्नोवेने मला कापसात गुंडाळून बरणीत ठेवलं आहे.

जाण्यापूर्वी आणखी एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत, नात्यात, शाळेत अशी एखादी बाई असेल, जी कितीतरी पहाटे डोळे उघडायच्या आत वाट बघू लागते. ती कोण, हे तुम्हाला कळणार नाही. ते चेहऱ्यावर दिसत नाही, दिसलंच तर माझ्यासारख्या कांडीवर दोन रेघांएवढंच दिसतं. म्हणून कुणालाही येता-जाता "काय, गोड बातमी कधी?" असं विचारू नका. तिने आपणहून सांगितलं तर शेवटपर्यंत ऐका. आणि एखाद्या सकाळी ती उशिरापर्यंत झोपली असेल, तर बाहेर खेळायला जाताना दार जरा हळू लावा.